टोकियोत एकट्याने पहिला दिवस: या चुका टाळा

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज सुरू होतात. ओळखीचे, अर्धवट ओळखीचे आणि काही तर कुणाच्या तरी वहिनीच्या भावाचे. "ताई, साकुरा (चेरीचा बहर) बघायला टोकियोला चाललोय, एकटाच आहे, काही टिप्स?" मी टोकियोतल्या निशी-कासाइला आठ वर्षं राहिले, त्यामुळे मला विचारणं साहजिक आहे. मी निगुतीने लिहून पाठवते. त्यावर अंगठा येतो. मग पहिल्याच दिवशी फोन येतो, "ताई, स्टेशनात आहे, पण बाहेर कसं पडायचं कळत नाहीये." म्हणजे वाचलेलं नाही.

म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवेन. यात काय बघायचं, कुठे फोटो काढायचा असलं काही नाही. विमानातून उतरल्यापासून रात्री उशीला डोकं टेकेपर्यंत लोक ज्या चुका करतात, तेवढ्याच आहेत.

तिकिटावर नुसतं "टोकियो" वाचणं

टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा शहरातच आहे. नारिता शेजारच्या चिबा प्रांतात आहे, मध्य टोकियोपासून साठ किलोमीटरच्या वर. मुंबईच्या हिशेबात सांगायचं तर सीएसएमटीला जायचंय आणि एक विमानतळ कुर्ल्याला, तर दुसरा अंबरनाथच्या पुढे. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून खुश होऊन रात्री दहाला नारिताला उतरायचं आणि मग टॅक्सीचा भाव विचारायचा, हे मी पाहिलंय. नारिताहून शहरात टॅक्सीला वीस हजार येनच्या वर लागतात, म्हणजे तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच गेले. टोकियोच्या गाड्या रात्रभर चालत नाहीत. मध्यरात्रीच्या आसपास बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा सुरू होतात, नारिताहून निघणाऱ्या तर त्याच्याही आधी संपतात. रात्री उशिरा पोचणारं विमान असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढा. मी तेच करते आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

"हॉटेल स्टेशनच्या अगदी जवळ आहे"

ही माझी लाडकी चूक. लाडकी अशासाठी की ती मी स्वतः केली आहे, भर पावसात, दोन बॅगांसकट.

नोव्हेंबर 2013. कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदा गेले होते. हॉटेलच्या कागदावर लिहिलं होतं, "शिंजुकु स्टेशनपासून चालत पाच मिनिटं." मी डोंबिवलीची. पाच मिनिटं म्हणजे पूल उतरून कोपऱ्यावर, असा माझा हिशेब. संध्याकाळी साडेसहाला शिंजुकुला उतरले आणि गर्दी जिकडे चालली होती तिकडे चालू लागले, कारण गर्दीला रस्ता माहीत असतो असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. गर्दीने मला पश्चिमेच्या दाराने बाहेर काढलं.

शिंजुकु हे जगातलं सर्वांत वर्दळीचं स्टेशन म्हणून गिनेस बुकात आहे. जमिनीखालच्या वाटा धरल्या तर बाहेर पडायला दोनशेहून जास्त दारं आहेत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाहेर उंचच उंच इमारती दिसल्या, म्हटलं हॉटेल यातच कुठेतरी असणार. फोनला नेट नव्हतं, विमानतळावर वायफायवर उघडलेला नकाशा गोठून बसला होता. चालत चालत मी थेट टोकियो सरकारच्या जुळ्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी पोचले. अर्धा तास गेला होता. एका बॅगेचं चाक कुरकुरायला लागलं होतं.

छत्री धरून उभ्या असलेल्या एका सूटवाल्या गृहस्थांना कागद दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, नीट वाचला आणि मी जिथून आले त्याच दिशेला बोट दाखवून म्हणाले, "हिगाशी-गुची." मला वाटलं, हॉटेलच्या गल्लीचं नाव असेल. हिगाशी म्हणजे पूर्व आणि गुची म्हणजे दार, हे कळायला मला आणखी तासभर लागला.

परत स्टेशनात आले. आता गंमत अशी की त्या काळी शिंजुकुला पूर्वेकडून पश्चिमेला स्टेशनातून सरळ जायची फुकट वाट नव्हती, ती जुलै 2020 मध्ये उघडली. म्हणून मी हुशारी केली. सुइका कार्ड (पैसे भरून गाडीच्या भाड्यासाठी गेटला टेकवायचं कार्ड) टेकवून पश्चिमेने आत शिरले, आतूनच पूर्वेला गेले आणि तिथल्या गेटला कार्ड टेकवलं. गेटची फळी धाडकन बंद! मागे माणसांची रांग तुंबली. त्या कार्डाच्या हिशेबी मी एकाच स्टेशनात शिरून त्याच स्टेशनातून, कुठेही न जाता, बाहेर पडत होते. कर्मचाऱ्याने माझ्या बॅगांकडे पाहिलं, माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं, प्लॅटफॉर्म तिकिटाचे पैसे घेतले आणि कार्ड सोडवून दिलं. (हा नियम आता सैल झालाय. तुम्ही मात्र तो तपासून बघायला जाऊ नका.)

पूर्वेच्या दाराबाहेर पोलिसांची छोटी चौकी आहे, तिला कोबान म्हणतात. तिथल्या पोलिसाने पेनने नकाशा काढून दिला: दोन सिग्नल, एक डावं वळण. तिथून हॉटेल खरोखर पाच मिनिटांवर होतं. घड्याळात सव्वाआठ वाजले होते.

आता मुद्दा. दादरला भेटू म्हटलं की आपण लगेच विचारतो, ईस्ट की वेस्ट? स्वामीनारायण मंदिराच्या बाजूला की कबुतरखान्याच्या? हाच प्रश्न परदेशात विचारायचं आपल्याला सुचत नाही. "स्टेशनजवळ" या शब्दाला टोकियोत काही अर्थ नाही. कोणत्या दाराजवळ, ते सांगा. शिवाय ती पाच मिनिटं बॅग नसलेल्या माणसाची असतात. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत एक मिनिट म्हणजे 80 मीटर असा नियमच आहे आणि हॉटेलवालेही बहुधा तोच हिशेब धरतात. त्यात सिग्नलला थांबणं नाही, जिना नाही आणि तुमच्या आईने भरलेले लाडूही नाहीत.

माझी सवय अशी: बुकिंगच्या आधीच हॉटेलला स्टेशनचं कोणतं दार जवळ, ते ठरवते. जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या, स्टेशनांवर दारांची नावं पिवळ्या पाट्यांवर असतात. हिगाशी पूर्व, निशी पश्चिम, मिनामी दक्षिण, किता उत्तर, हे चार शब्द पाठ करायला विमानात आठ तास असतात. भुयारी रेल्वेत दारांना ए-3, बी-12 असे क्रमांक असतात. त्यातली लिफ्टवाली दारं मोजकीच, ती आधी शोधून ठेवायची. बॅग घेऊन चुकीच्या दाराने चार जिने चढण्यापेक्षा लिफ्टच्या दाराने वर येऊन दोनशे मीटर मागे चालणं केव्हाही बरं. ही माहिती फोनमध्ये तर असतेच, पण मी ती कागदावरही लिहिते. लोक हसतात. हसू दे. जमिनीखाली फोनचा निळा ठिपका तुम्हाला भलत्याच रस्त्यावर दाखवतो. कागदाचं तसं होत नाही.

आणि कृपा करून 2019 सालच्या व्हिडिओच्या भरवशावर शिंजुकु किंवा शिबुयाच्या आत फिरू नका. दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं बांधकाम चालू आहे. शिंजुकुच्या पश्चिमेचं ओदाक्यु डिपार्टमेंट स्टोअर, ज्याची खूण धरून लोक चालायचे, त्याची मुख्य इमारत ऑक्टोबर 2022 मध्ये बंद झाली आणि मग पाडायला घेतली. व्हिडिओतला हसरा मुलगा "या दुकानातून डावीकडे वळा" म्हणतो, तिथे आता पत्रे लावलेत.

खरं तर पहिल्या रात्रीसाठी शिंजुकु हवंच कशाला? असाकुसाला नारिता आणि हानेदा दोन्हींकडून थेट गाड्या आहेत, उएनोला नारिताहून थेट गाडी आहे. पण लोकांना रोषणाई हवी असते. दुसऱ्या दिवशी बघा रोषणाई, ती कुठे पळून जात नाही. फक्त असाकुसातही एक मेख आहे: त्या नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत आणि त्सुकुबा एक्सप्रेस या रेल्वेमार्गाचं असाकुसा बाकीच्यांपासून चालत दहाएक मिनिटं लांब आहे. आणि असाकुसा वेगळं, आकासाका वेगळं. ही चूक केलेल्या चार जणांना मी ओळखते.

कार्ड चालू न करता निघणं

भारतात 2020 पासून नियम आहे की बँकेचं कार्ड मुळात देशातच चालतं, परदेशासाठी ते आपण स्वतः चालू करायचं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये एक बटण असतं. ते दाबायला लोक विसरतात, नारिताच्या एटीएमसमोर उभे राहिल्यावर त्यांना आठवतं, मग अ‍ॅप ओटीपी मागतं आणि ओटीपी जातो भारतातल्या सिमवर, जे काढून पाकिटात ठेवलेलं असतं. एकाचं सिम तर विमानात सीटखाली पडलं होतं. तो पोरगा दिवसभर माझ्या ओळखीतल्या एका काकांच्या पैशांवर जगला.

भारतातलं सिम फोनमध्येच ठेवा, ओटीपीपुरतं रोमिंग सुरू ठेवा आणि नेटसाठी ई-सिम घ्या. ते भारतातूनच विकत घेऊन, फोनमध्ये टाकून निघा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं वेगवेगळ्या खिशात. पैसे काढायला सेव्हन-इलेव्हनमधलं एटीएम, तिथे परदेशी कार्डं चालतात. सगळ्याच जपानी बँकांच्या मशीनवर चालतील असं समजू नका. मशीनने किंवा दुकानदाराने "रुपयात की येनमध्ये?" विचारलं तर डोळे मिटून येन. रुपयात म्हटलंत की दर त्यांचा लागतो.

मी पहिल्याच दिवशी वीस हजार येन रोख काढते. जपान म्हणजे सगळं अत्याधुनिक, असं डोक्यात घेऊन गेलेला माणूस रामेनच्या (रश्शातल्या शेवयांच्या) छोट्या दुकानात जेवणाच्या तिकिटाच्या मशीनसमोर कार्ड हातात धरून उभा राहतो आणि मशीनला हवी असते हजाराची नोट. दहा हजाराची नोट बऱ्याच जुन्या मशीनमध्ये जात नाही, त्यातून जुलै 2024 मध्ये आलेल्या नव्या नोटा काही मशीनना अजून ओळखताच येत नाहीत. म्हणून कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पाण्याची बाटली घेऊन नोट मोडून घ्यायची. सुइका कार्डात पैसे भरायलाही स्टेशनवरच्या बहुतेक मशीनला रोखच लागते. आयफोनवाल्यांना सुइका फोनमध्येच घेता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनला ती सोय नाही, तेव्हा मित्राच्या फोनवर पाहिलं म्हणून आपल्या फोनवर शोधत बसू नका.

फास्ट गाडी

ही दुसरी लाडकी चूक. ही मी केलेली नाही, माझ्या भाच्याने केली, आणि त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही असं त्याला कबूल केलंय.

2018 च्या एप्रिलमध्ये तो एकटा आला. ठाण्याचा मुलगा, कॉलेजभर फास्ट लोकलने व्हीटीला गेलेला. मी त्याला सगळं लिहून दिलं होतं: नारिताहून नारिता एक्सप्रेस, टोकियो स्टेशनला उतर, खालूनच चालत ओतेमाचीला ये, तिथून तोझाइ लाइन, निशी-कासाइ. खाली रेघ मारून लिहिलं होतं, "स्लो गाडीच घे." त्याने ते वाचलं. समोर गाडी आली. दारावर लिहिलं होतं "रॅपिड". त्याला वाटलं, मावशी जुन्या काळातली, हिला फास्ट गाड्या माहीत नाहीत.

तोझाइ लाइनची खोडी अशी आहे की शहराच्या पोटात रॅपिड गाडीसुद्धा प्रत्येक स्टेशनवर थांबते. ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो, सगळीकडे थांबली. तोयोचोलाही थांबली. नवख्या माणसाला शंका यायचं काही कारणच नाही. तोयोचोनंतर मात्र ती जी सुटते ती थेट उरायासुला. मधली तीन स्टेशनं गाळते, मिनामी-सुनामाची, निशी-कासाइ आणि कासाइ. गाडी जमिनीखालून वर येते, आराकावा नदीवरचा किलोमीटरहून लांब पूल लागतो, छान ऊन, नदीकाठी बेसबॉल खेळणारी मुलं. भाचा व्हिडिओ काढत होता. त्या व्हिडिओत निशी-कासाइचा फलाट सर्रकन मागे जाताना दिसतो आणि पाठोपाठ त्याचा आवाज येतो, "अरे!"

मी त्याच फलाटावर उभी होते.

उरायासुहून त्याचा फोन, "मावशी, मी डिस्नीलँडच्या गावात आलोय." म्हटलं, "समोरच्या फलाटावर जा, परत ये. स्लो घे." त्याने "समोरच्या फलाटावर जा" एवढं ऐकलं. पहिली गाडी आली तीत चढला. तीही रॅपिड. मी दुसऱ्यांदा त्याला खिडकीतून हात हलवत जाताना पाहिलं, या वेळी उलट्या दिशेने. तोयोचोला उतरून त्याने पुन्हा फोन केला. आता त्याचा आवाज बदललेला होता. नदी तिसऱ्यांदा ओलांडून तो घरी आला तेव्हा वरण दुसऱ्यांदा गरम करावं लागलं. गेटबाहेर पडला नव्हता म्हणून भाडं तेवढं वाढलं नाही.

फास्ट-स्लोची सवय असलेला मुंबईकर इथे जास्त फसतो, हे माझं निरीक्षण आहे. आपल्याकडे फास्टचा फलाट वेगळा, उद्घोषणा वेगळी, शिवाय "फास्ट हाय काय?" विचारलं की तीन जण उत्तर देतात. टोकियोत एकाच फलाटावर, एकाच रंगाच्या, एकामागून एक गाड्या येतात आणि कुणी काही बोलत नाही. काकुएकि-तेइशा म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणारी, म्हणजे आपली स्लो. कायसोकु म्हणजे रॅपिड. त्याच्यावर एक्सप्रेस आणि लिमिटेड एक्सप्रेसचे आणखी थर. फलाटावरच्या पाटीवर गाडी कुठे जाते त्याच्या शेजारी तिचा प्रकार लिहिलेला असतो, इंग्रजीतही येतो. आधी प्रकार वाचायचा, मग गाव.

माझा उपाय पद्धतशीर वगैरे नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, "निशी-कासाइ, तोमारिमास का?" थांबते का, एवढाच अर्थ. मान हलली तर चढायचं. आणि शंका असेल तर गाडी सोडून द्यायची. पुढची चार-पाच मिनिटांत येते. पण पहिल्या दिवशी लोकांच्या अंगात कसली घाई संचारते कोण जाणे, दार बंद होताना उडी मारून चढतात. ही व्हीटी नाही आणि संध्याकाळची 6.12 पण नाही.

याच जातीची आणखी एक गोष्ट. नारिता एक्सप्रेसला सगळ्या सीट आरक्षित असतात आणि काही गाड्या टोकियो स्टेशनवर दोन तुकड्यांत विभागल्या जातात. पुढचे डबे एका दिशेला, मागचे दुसऱ्या. त्यामुळे "गाडी बरोबर आहे ना, मग कुठेही बसू" हे चालत नाही. तिकिटावर लिहिलेल्या डब्यातच बसा. नारिताहून शहरात येणाऱ्या स्कायलाइनर गाडीलाही साध्या भाड्याच्या वर वेगळं तिकीट लागतं, नुसतं सुइका टेकवून चढू नका. ती टोकियोतल्या निप्पोरीला चाळीसेक मिनिटांत पोचवते. त्याच विमानतळावरून सुटणारी अ‍ॅक्सेस एक्सप्रेस साधारण निम्म्या पैशांत, जरा सावकाश, असाकुसाकडे आणते. मला विचाराल तर ती पुरते.

पहिल्याच दिवशी सगळं

"सकाळी उतरतोय, दुपारी असाकुसा, मग स्कायट्री, संध्याकाळी अकिहाबारा, रात्री शिबुया क्रॉसिंग." असा बेत मला कुणी पाठवला की मी उत्तरच देत नाही. इमिग्रेशनची रांग किती, ते कुणाच्या हातात नाही. जवळजवळ प्रत्येक परदेशी माणसाच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्याला वेळ लागतो. व्हिजिट जपान वेब या सरकारी साइटवर माहिती आधीच भरून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट ठेवलात तर थोडा वाचतो. पण वेळ ठरलेलं महागडं तिकीट पहिल्या दिवसाचं काढू नका.

आणि झोप. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. लोक म्हणतात, साडेतीन तासांत काय होतंय, अमेरिका थोडीच आहे! रात्रीच्या विमानात तीन तास झोप मिळते. टोकियोत सकाळचे आठ म्हणजे तुमच्या शरीराचे पहाटे साडेचार. खोली मिळणार दुपारी तीनला. मग तीन वाजता "जरा पाठ टेकतो" म्हणून जो आडवा होतो, तो रात्री दहाला उठतो आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत मला मेसेज करतो.

मी बॅग हॉटेलच्या काउंटरवर ठेवून देते. खोली तयार नसली तरी बॅग ठेवून घेतातच. मग उजेडात राहते, चालते. उएनोची बाग किंवा सुमिदा नदीचा काठ, तिकीट लागत नाही आणि चुकलं तरी बिघडत नाही. सातला जेवण, नऊला झोप. तरुण मुलांना हे म्हातारपण वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कोण झोपलेलं असतं, ते मात्र मला माहीत आहे.

जेआर पास (जेआरच्या गाड्यांत ठरावीक दिवस फिरायचा पास) पहिल्या दिवसापासून सुरू करणारे हे याच मंडळींचे सख्खे भाऊ. सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून थेट 50,000 वर गेला. टोकियोच्या भुयारी गाड्यांत तो चालतही नाही. टोकियोतच राहणार असाल तर त्या पासचं करायचं काय?

"आय अ‍ॅम व्हेजिटेरियन" म्हणून निश्चिंत होणं

समोरचा हसून "हाय", म्हणजे जपानीत "हो", म्हणतो. त्याचा अर्थ "ऐकलं" असाही असतो. मांस काढून टाकलं की त्याच्या दृष्टीने काम झालं, पण रस्सा बनतो दाशीत आणि दाशीत बहुतेक वेळा वाळवलेला बोनिटो मासा असतो. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवया, सगळ्यांतच. शाकाहारी असाल तर पहिल्या दिवशी प्रयोग नकोत. थेपले, खाकरा, दशम्या, जे काही घरून आणलंय ते उघडा. कोंबिनीत केळी, उकडलेले एदामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा) आणि दही मिळतं. जीव अगदीच कासावीस झाला तर निशी-कासाइला या. भारतीय वाणसामान आणि उपाहारगृहं दोन्ही आहेत. फक्त रॅपिडने येऊ नका.

घरून आणायचं म्हणून हापूसची पेटी मात्र आणू नका. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं जपानमध्ये आणता येत नाहीत. दरवर्षी कुणीतरी "दोनच आहेत, वास येणार नाही" म्हणतं. हापूसचा, वास येणार नाही!

बाकीच्या, एकेका ओळीच्या

सर्दीच्या गोळ्या उचलून बॅगेत टाकण्याआधी पाकीट वाचा. दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध महिनाभरापेक्षा जास्त न्यायचं तर आधी परवानगी काढावी लागते.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका. बाकीच्या देशांत तो सल्ला ठीक असेल, पण जपानमध्ये पर्यटकाने पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे.

मोठी बॅग घेऊन सकाळी साडेसात ते साडेनऊ गाडीत चढू नका. कुणी ओरडणार नाही, पण त्या शांततेपेक्षा विरार लोकलमधल्या शिव्या परवडल्या. विमानतळावरून कुरिअरने बॅग हॉटेलला पाठवता येते, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. एक रात्रीचे कपडे तेवढे हातात ठेवा.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. समोरच्याच्या मागे उभे राहा, झालं.

कचऱ्याचे डबे शोधू नका. 1995 मध्ये भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बरेचसे काढून टाकले. एक पिशवी खिशात ठेवा आणि कचरा हॉटेलवर आणा.

शिंजुकुजवळच्या काबुकिचोत, बार आणि रात्रीच्या करमणुकीच्या वस्तीत, रस्त्यावर कुणी इंग्रजीत प्रेमाने बोलवून बारमध्ये नेऊ लागला तर जाऊ नका. एक बीअर सांगतात आणि बिल पगाराएवढं येतं. लाउडस्पीकरवरून पोलीसही हेच सांगत असतात.

चुकलात तर कोबान शोधा. इंग्रजी येवो न येवो, नकाशा काढून देतात. हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत छापलेला असू द्या, कारण बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता भाग, ब्लॉक आणि इमारतीच्या आकड्यांनी लिहितात, आणि लागून असलेल्या इमारतींचे आकडेही ओळीने असतीलच असं नाही.

आणि चार्जर. जपानमध्ये दोन चपट्या पिनांचा प्लग लागतो, आपल्या गोल पिना बसत नाहीत. वीज 100 व्होल्टची आहे, फोनच्या चार्जरला ती चालते, पाणी तापवायच्या आपल्या कॉइलला नाही. अ‍ॅडाप्टर मोठ्या बॅगेत तळाशी ठेवू नका, हातातल्या बॅगेत ठेवा, कारण दिवसभर नकाशा, अनुवाद आणि ओटीपी एकाच बॅटरीवर चालणार आहेत. भाच्याने त्या रात्री जेवण झाल्यावर अगदी हळू आवाजात विचारलं, "मावशी, तुझ्याकडे अ‍ॅडाप्टर असेल ना गं?" मी टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला. तोवर आलेल्या पाहुण्यांचे सात होते. आणायला विसरलेल्यांनी स्टेशनवरून विकत घेतलेले आणि जाताना न्यायला विसरलेले.